काकूंची जमीन आणि माझा भूगोल

आमच्या स्वयंपाकघराची जमीन कशाची आहे, हे शोधून काढायला मला दीड महिना लागला. गावातल्या बायकांना ते आधीपासूनच ठाऊक होतं. पण मी त्यांना विचारलं नव्हतं. (खरं सांगायचं तर विचारलं होतं, उत्तर ऐकलं नव्हतं.)

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. लोणारजवळच्या सुलतानपूरला मी भूगोलाचा मास्तर म्हणून नव्यानं लागलो होतो, आणि नवरा म्हणूनही नव्यानंच लागलो होतो. दोन्हीकडे अनुभव सारखाच, म्हणजे शून्य. मी बुलढाण्यातल्या कारकुनाचा मुलगा, बायको कमल वरवट बकालच्या शेतकऱ्याची मुलगी. घर मिळालं ते तुळशीरामकाकांचं. वांगी-मिरच्या पिकवणारा, फार न बोलणारा म्हातारा माणूस. बायको, पार्वतीकाकू, चार वर्षांपूर्वी गेलेली. ते स्वतः मागच्या खोलीत राहायचे आणि पुढच्या दोन खोल्या त्यांनी आम्हाला दिल्या होत्या.

पुढची खोली साधी शेणानं सारवलेली. पण स्वयंपाकघर! तिथली जमीन काळपट तांबडी, जांभळासारखी चकचकीत. कुठे जोड नाही, सांधा नाही, भेग नाही. पाणी सांडलं तर थेंब थेंब होऊन उभं राहायचं. वैशाखातसुद्धा पाय टेकला की थेट डोक्यापर्यंत गार वाटायचं. कमल तर पहिल्या दिवसापासून तिच्या प्रेमात पडली. (माझ्या प्रेमात पडायला तिला जरा जास्त वेळ लागला.)

तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं सहज विचारलं, "अहो, हे जमीन कशाची असंन?"

आता, लग्नाला महिना झालेला नवरा, त्यातून भूगोलाचा मास्तर, "मला माहीत नाही" असं म्हणेल का? मी गुडघ्यावर बसलो, बोटानं टकटक केलं आणि म्हणालो, "ज्वालामुखीचा खडक. लाव्हा थिजून झालेला."

"घरातल्या घरात थिजला?"

"वरून तासलाय."

"अन् पुढच्या खोलीत काऊन नाही आला मंग?"

मी शाळेची वेळ झाली म्हणून उठलो. तो रविवार होता.

मग मात्र मी पेटलो. शेजारच्या गोदामावशी कढीपत्ता मागायला आल्या, तेव्हा त्यांना विचारलं, "मावशी, ही जमीन कशाची असेल हो?"

"हे? हे तं पार्वतीनं..." मावशींनी सुरुवात केली.

"पार्वतीकाकूंनी नीट राखली, ते दिसतंच आहे," मी म्हणालो. "पण मी शास्त्रीय दृष्ट्या विचारतोय."

"शास्त्राचं मले काय माहीत बाप्पा!" असं म्हणून मावशी कढीपत्ता घेऊन गेल्या. दीड महिन्याचं काम दीड मिनिटात संपत होतं, ते मी असं हातानं परतवून लावलं!

मुख्याध्यापकांना आणून दाखवलं. ते म्हणाले, शहाबादी फरशी. मी म्हणालो, सांधे कुठे आहेत? ते म्हणाले, एकच मोठी असेल. मी म्हणालो, दारातून आत कशी आणली? ते म्हणाले, आधी फरशी टाकून मग घर बांधलं असेल. यावर आम्ही दोघांनी चहा घेतला.

शेवटी मला पुस्तकातला प्रयोग आठवला. एका कोपऱ्यात खिळ्यानं जरासं खरवडून मी लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले! चुनखडीवर आंबट पडलं की बुडबुडे येतात, हे मी दर वर्षी सहावीला शिकवणार होतो. मी ओरडलोच, "कमल! संगमरवर! काळा संगमरवर!"

"डाग पडला ना तिथं," कमल म्हणाली आणि पिठाचा डबा त्या डागावर सरकवून ठेवला.

संगमरवराची बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. लोक बघायला येऊ लागले. दुसरबीडहून कुणाचे तरी पाहुणे मुद्दाम वाट वाकडी करून आले. आणि तुळशीरामकाका तर रोज यायचे. मळ्यातून आले, हातपाय धुतले की उंबऱ्यावर बसायचे आणि म्हणायचे, "मास्तर, मंग काय म्हणता? कशाची हाये?"

मी सांगायचो. असा दगड राजेरजवाड्यांच्या महालात असतो, साध्या माणसाच्या नशिबी तो नसतो, ज्यानं ही जमीन केली तो कारागीर थोर असला पाहिजे. काका मान डोलवत ऐकायचे. "पुन्हा सांगा बरं, मास्तर. थोर काय म्हणले?" मी पुन्हा सांगायचो. ते उपरण्यानं तोंड पुसत उठून जायचे. म्हाताऱ्याला माझ्या विद्वत्तेनं भरून येतं, असं मला वाटायचं!

आता एकच काम उरलं होतं. नमुन्याचा तुकडा काढून माझ्या कॉलेजातल्या जुन्या प्राध्यापकांकडे पाठवायचा. एका बाजाराच्या दिवशी कमल भाजी आणायला गेली आणि काका मळ्यात गेले. मी छिन्नी-हातोडा घेऊन चुलीपाशी बसलो. नखाएवढाच कपचा हवा होता. पहिला घाव घातला, काही नाही. दुसरा घातला, काही नाही. तिसरा मात्र सगळ्या प्राचीन भूगोलाच्या नावानं घातला, आणि ताटलीएवढा ढलपा उडून थेट ताकाच्या भांड्यात जाऊन पडला.

मी खड्ड्यात वाकून पाहिलं. आत विटांचा चुरा, बारीक खडे आणि पांढरी भुकटी. संगमरवराच्या पोटात विटा!

तेवढ्यात दारात कमलचा आवाज आला. मी झटकन खड्ड्यावर पाट ठेवला आणि त्यावर बसलो.

"काऊन बसले असे? भूक लागली का?"

"नाही. जरा बसलोय."

"मंग उठा, मले चूल पेटवाची हाये."

"तू पेटव. मी बघतो."

"ताकात काय पडलं हे?"

"खडीसाखर," मी म्हणालो. (माणूस घाबरला की काय बोलेल याचा नेम नाही!)

गोदामावशीही पाठोपाठ आल्या होत्या. दोघी माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. जगबुडी झाली असती तरी मी त्या पाटावरून हललो नसतो. पण तेवढ्यात तुळशीरामकाका आत आले. आणि वडीलधारा माणूस आला की उठून उभं राहायचं, हे माझ्या आईनं मला इतकं पक्कं शिकवलं होतं की मी ताडकन उभा राहिलो. पाट पायात अडकून बाजूला सरकला.

काका खड्ड्याजवळ बसले. आत बोट घातलं, भुकटी चोळून पाहिली.

"पार्वतीनं केलती हे जमीन," ते म्हणाले. "आमचं लगन झालं तवा इथं निस्ती माती होती. तिनं चुना विरवला, विटा कुटल्या, गूळ घातला, बेलाचा गर घातला. पंधरा दिवस चोपलं. मंग गोट्यानं घोटली. अन् मंग दर दिवाळीले जवसाचं तेल चोपडे. चाळीस वर्सं. तवा कुठं असी झाली."

माझे कान तापले. "काका, तुम्ही मला आधीच का नाही सांगितलं?"

काकांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"तुमी लोकाइले सांगून राह्यले होते, राजाच्या महालातली हाये, करणारा थोर हाये. तिले जिती असताना म्या कधी एक सबूद बोललो नाही, मास्तर. तुमी बोलत होते, मले लय बरं वाटे. गावातल्या बायाइलेबी म्हटलं, बोलू द्या."

कमलनं पदर डोळ्याला लावला. मी कसाबसा म्हणालो, "काका, आम्ही घर सोडतो. माझं तोंड दाखवायच्या लायकीचं राहिलं नाही."

"घर काऊन सोडता?" काका उठत म्हणाले. "खड्डा भरा."

आणि मी तो भरला! गोदामावशी मुकादम. मी चुना विरवला, विटा कुटल्या, गूळ घातला. (थोडा खाल्लाही, मावशींनी हातावर चापट मारली.) आठ दिवस सकाळ-संध्याकाळ लाकडी चोपण्यानं चोपत होतो. शाळेत खडू धरवत नव्हता. आवाज ऐकून बाया दारात उभ्या राहायच्या, "मास्तर, संगमरवर पिकला का?" म्हणून विचारायच्या.

शेवटच्या दिवशी काकांनी पेटीतून एक फडकं काढलं. आत मुठीत मावेल असा काळा गुळगुळीत गोटा होता, काकूंचा. त्यांनी तो माझ्या हाती न देता कमलच्या हाती दिला. ती घोटू लागली. काका शेजारी बसून सांगत होते, "जरा जोर लाव, बाई. तिचा हात जड होता." मग मधेच त्यांनी गोटा घेतला आणि स्वतःच घोटत बसले. आम्ही दोघं हळूच पुढच्या खोलीत निघून आलो.

खड्डा भरला, पण जुन्याशी काही जुळला नाही. फिक्का, खडबडीत, मधे किंचित फुगलेला, ताटलीएवढा तुकडा. पुढे दोन दिवाळ्या मी त्याला तेल पाजलं. त्यानं दाद दिली नाही.

मग माझी बदली झाली. सामान बांधलेलं असतानाच नवे मास्तर घर बघायला आले. काकांनी त्यांना हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "हे जमीन माह्या बायकोनं केली." आता त्यांना ते बोलायला माझी गरज उरली नव्हती. नवे मास्तर थक्क होऊन बघत राहिले. मग त्यांची नजर चुलीपाशी गेली.

"आणि हा तुकडा?"

"थो आमच्या मास्तरनं केला," काका अभिमानानं म्हणाले.

नव्या मास्तरांनी आदरानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला गवंडीकामही येतं का?"

मी तोंड उघडण्याआधीच काका माझी बाजू सावरायला पुढे झाले.

"नाही, नाही! गवंडी असते तं निस्तं पाहूनच वळखली असती त्यायनं. थे शिकेल-सवरेल हायेत!"