तिची होडी मी सरळ केली

रविवारी आम्ही घरी कधी थांबलो नाही. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायच्या खात्यात होतो. सहा दिवस कंपनीच्या बसने जायचं-यायचं, आणि सातव्या दिवशी मी आंघोळ करून येईपर्यंत बायको आणि मुलगी चपला घालून दारात उभ्या असायच्या. आधी स्कूटर होती, मग एक जुनी गाडी घेतली. फार लांब कुठे गेलो नाही. शहरातले अंबाझरी, फुटाळा हे तलाव, कधी नरखेडकडे बायकोच्या माहेरी, संत्र्याच्या बागेत. सगळ्यात जास्त वेळा रामटेकला. गडावर दर्शन घ्यायचं, माकडांपासून डबा वाचवत तिखट पुऱ्या खायच्या आणि मग खाली खिंडसीच्या तलावाकाठी ऊन कलेपर्यंत बसायचं.

मुलगी प्रत्येक ठिकाणाहून काही ना काही उचलून आणायची. शेंगा, पिसं, गोटे. तिच्या फ्रॉकचे खिसे उलटे केल्याशिवाय धुवायला टाकता येत नसत. त्या वस्तूंमधून ती काहीतरी जोडत बसायची, आणि जे व्हायचं ते नेमकं काय आहे हे तिलाच विचारावं लागायचं.

मलाही हाताने करायचा नाद होता. बाल्कनीत एक जुनं टेबल टाकून मी तिथे लाकडाची छोटी कामं करायचो. चौरंग, दिव्याची बैठक, चिमण्यांसाठी खोपे. माझी वस्तू टेबलावर ठेवली की हलत नसे. आमचं मूळ घराणं उमरेडकडचं, विणकरांचं. माझे आजोबा तयार कापडावरून डोळे मिटून बोट फिरवायचे आणि कुठे धागा चुकलाय ते सांगायचे. माझ्या वडिलांनी माग सोडून कचेरीतली नोकरी धरली, पण चूक शोधणारं ते बोट तेवढं घरात राहिलं. माझ्याकडेही ते आलं आणि मला त्याचा अभिमान होता.

मुलगी सहावीत असताना तिने खिंडसीत सोडायला होडी करायची ठरवली. मला विचारलं नाही. बांबूच्या कामट्या दोऱ्याने बांधून सांगाडा केला, त्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या ताणून बसवल्या आणि जोडांवर मेणबत्तीचं मेण ओतलं. शीड आईच्या जुन्या ओढणीचं. आठवडाभर संध्याकाळी ती न्हाणीघरात बादली भरून होडी तरंगवत बसायची. एकदा मी हात धुवायला गेलो, तेव्हा होडी उजवीकडे कललेली दिसली.

"बेटा, ही वाकडी झाली आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. झुकते, पण बुडत नाही," ती म्हणाली. तिने डाव्या बाजूला आत एक चपटा गोटा दोऱ्याने बांधला होता, रामटेकहून आणलेला. "आता कमी झुकते. अजून एक लहान गोटा पाहिजे."

मी हसलो आणि हात पुसून बाहेर आलो. तिथेच थांबून तो दुसरा गोटा शोधायला तिला मदत केली असती, तर हे लिहायची वेळ आली नसती.

त्या गुरुवारी यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कारखाना बंद होता. बायको शाळेत शिकवते, ती कामावर गेलेली. मुलगीही शाळेत. घरात मी एकटा. बाल्कनीत होडी उन्हात ठेवलेली होती. मी ती हातात घेतली, बोट फिरवलं. एक कामटी लांब, एक आखूड. मनात आलं, एवढी एक कामटी बदलू. ती बदलायला दोरा सोडावा लागला, दोरा सोडला तर मेण निघालं. अकरा वाजेपर्यंत सगळी होडी सुटी होऊन माझ्या टेबलावर पडली होती. मग मी पातळ प्लायवूड काढलं. कागदावर नकाशा काढला, अगदी मापात. कापलं, घासलं, जोडलं, निळा रंग दिला. दुपारचं जेवण विसरलो. इतका आनंद मला कारखान्यात कधी झाला नव्हता.

ती शाळेतून आली तेव्हा मी होडी पाठीमागे लपवून उभा होतो. "डोळे मीट," म्हणालो. तिने मिटले. उघडले तेव्हा बराच वेळ ती होडीकडे पाहत राहिली.

"छान झाली आहे," ती म्हणाली, आणि दप्तर ठेवायला आत गेली.

रविवारी आम्ही खिंडसीला गेलो. होडी सुरेख चालली. वारा धरून सरळ निघाली आणि मागे बांधलेल्या दोरीला ताण बसला. काठावर शेंगा विकणारा एक म्हातारा टोपली खाली ठेवून बघत उभा राहिला.

"वा! काय चालून राहिली! कोनं बनवली वं, तू का?" त्याने मुलीला विचारलं.

मी तिच्याकडे बघत होतो. ती हो म्हणेल असं मला वाटलं होतं. खरं तर तसं तिने म्हणावं, म्हणजे मला मोठेपणाने गप्प राहता येईल, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

"नाही," ती म्हणाली. "बाबांनी."

मी तिच्या हातात दोरी देत होतो, पण तिने घेतली नाही. पाय दुखतात म्हणून गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना बायको बोलली. एरवी ती शाळेतलं मराठी बोलते. राग आला की माहेरचं तोंडात येतं.

"काहून हात लावला तुम्ही तिच्या होडीले?"

"अगं, ती बुडाली असती."

"आठवडाभर पोरगी बादलीपाशी बसून राहिली होती. ती काय करून राहिली ते तुम्ही एक डाव तरी पाह्यलं?"

मी म्हणालो, मुलं विसरून जातात. आणि बस पकडायला निघालो.

त्यानंतरही आम्ही रविवारी जात राहिलो. ती यायची, हसायची, फोटो काढू द्यायची. फक्त खिसे रिकामे असायचे. आठवीत शाळेने काहीतरी हाताने करून आणायला सांगितलं, तर तिने आईबरोबर जाऊन सीताबर्डीच्या बाजारातून तयार वस्तू आणली. मी मदत करतो म्हणालो की "नको बाबा, जमतंय" एवढंच उत्तर. मला वाटलं, वयात आलेल्या मुली असंच बोलतात. मग ती पुण्याला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. मी निवृत्त झालो. इतकी वर्षं मी त्या गुरुवारची आठवण एक चांगला दिवस म्हणून काढायचो.

गेल्या हिवाळ्यात बायकोने मला तिच्या फोनमधून रक्ततपासणीचा कागद शोधायला सांगितलं. शोधताना मला मातीच्या भांड्यांचे फोटो दिसले. वाट्या, कप, एक पसरट थाळी, चिखलाने माखलेले हात. ते हात मी ओळखले.

"हे काय आहे?"

बायको भाजी निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. "तिनेच केलेली आहेत. शनिवारी शिकायला जाते. दोन वर्षं होतील."

"मला नाही सांगितलं कधी."

"तुम्हाला दाखवू नको म्हणाली होती."

"काहून?" तिचाच शब्द माझ्या तोंडात आला.

"तुम्ही काहीतरी सुचवाल म्हणून."

मी फोन खाली ठेवला. वाईट याचं वाटलं की ते खरं होतं. पहिला फोटो बघताच माझ्या मनात आलं होतं की कपाचा कान जरा वर बसायला हवा होता.

होळीला मुलगी आली. मी म्हणालो, रामटेकला जाऊ. बायकोचे गुडघे दुखत होते, म्हणून आम्ही दोघंच निघालो. गाडी तिने चालवली. दर्शन झाल्यावर तलावाकाठी बसलो. मी घरून वाक्य ठरवून आलो होतो, पण तिथे ते काही आठवेना.

"बेटा, ती होडी," मी म्हणालो.

"कोणती?" मग ती पाण्याकडे पाहत म्हणाली, "अच्छा. ती."

"मी तुझी मोडायला नको होती."

ती माझ्याकडे वळली. मग विचारलं, "माझ्या होडीचं काय केलं होतं तुम्ही?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोललो. "कामट्या रंग ढवळायला घेतल्या. पिशव्या कचऱ्यात. गोटा कुंडीत टाकला."

"पिशव्या मला दिसल्या होत्या," ती म्हणाली. "त्या दिवशी दप्तर ठेवलं आणि कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. चहापत्तीच्या खाली होत्या. बाहेर काढणार होते. मग म्हटलं, राहू दे."

मला हे माहीत नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत निळी होडी हातात घेऊन, ती परत येऊन काय म्हणते याची वाट बघत उभा होतो, आणि माझी अकरा वर्षांची मुलगी स्वयंपाकघरात कचऱ्याच्या डब्यात वाकून पाहत होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. जाऊ द्या, असं म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं आणि सहनही झालं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ऊस खायचा का, बाबा?" आणि उठून हातगाडीवरून दोन पिशव्या गंडेऱ्या घेऊन आली. आम्ही त्या संपवून परत निघालो.

निघायच्या दिवशी तिने बॅगेतून ओढणीत गुंडाळलेली एक वाटी काढली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. तपकिरी, आतून हिरवी. मी हात लावला. वाटी हलली. बूड एका बाजूला उचललेलं होतं, घासायच्या कागदाने दोन मिनिटांत बसलं असतं. मी हात मागे घेतला.

"बोला ना," ती म्हणाली.

"सुंदर आहे."

"हलते."

"हलू दे."

ती माझ्याकडे बघून हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "बाबा, तुम्ही गप्प बसता ना, तेव्हाही मला ऐकू येतं."

वाटी तिने आईसाठी आणली होती. आईने ती उचलून लगेच लोणचं वाढायला घेतली. स्टेशनवर मी मुलीची बॅग डब्यात चढवून दिली. पुढच्या खेपेला माझ्यासाठी एक आणशील का, हे विचारायचं होतं. ती खिडकीतून आईला औषधांच्या वेळा समजावत होती, आणि तिचं बोलणं संपायच्या आत गाडी हलली.