गफूर मिस्त्रीची जीभ

गफूर मिस्त्री इंजिनातलं तेल चाखत असे. ऐकीव सांगत नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. झाकण काढायचं, बोट बुडवायचं, जिभेवर घ्यायचं, डोळे मिटून तोंडात फिरवायचं, आणि मग बाजूला ठेवलेल्या फुटक्या हेडलाइटच्या वाटीत पचकन थुंकायचं. त्याच बोटाने लगेच चहाची बशी धरायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी माझा चहा तसाच ठेवून उठलो होतो. आज म्हातारा झालो तरी ते आठवलं की तोंडाला पाणी सुटतं, आणि ते काही चांगलं पाणी नव्हे.

वाशीमला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं टिनाचं दुकान होतं. माणूस पाहायला ओंगळ. दाढीत ग्रीस, दात काळे, सदऱ्याचा मूळ रंग कोणता होता ते देवाला ठाऊक. पण त्यालाच सगळ्या जगाची किळस यायची. फटफटी पाहायच्या आधी तो मालकाला पाहायचा आणि म्हणायचा, "गाडी बरी हाय. वर बसनारा बिगडेल हाय." शेठ असो की सायब, सगळ्यांना हेच. तरी लोक त्याच्याचकडे यायचे, कारण त्याने बसवलेलं इंजिन पुन्हा बिघडत नसे.

माझ्याकडे तेव्हा लढाईतली एक मिलिटरीची फटफटी होती. बाजूला तिसऱ्या चाकावर लाकडी पेटी. आसेगावकडच्या पानमळ्यांतून विड्याच्या पानांच्या टोपल्या भरायच्या आणि जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीला घालायच्या, हा माझा धंदा. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला गावात मान मिळावा असं ते एकच काम होतं. पण स्टेशनाच्या अलीकडे एक चढ होता. टोपल्या भरलेल्या असल्या की तिथे फटफटी मान टाकायची. मला उतरून ढकलावी लागे. बैलगाडीवाले शेजारून पुढे जाताना विचारत, "काहून नामदेवराव, आमचे बैल जोडू का?" त्या उन्हाळ्यात दोनदा गाडी चुकली. मळेवाल्यांनी सांगून टाकलं, तिसऱ्यांदा चुकली तर पानं ट्रकवाल्याला देऊ.

म्हणून मी ठरवलं, इंजिनाची ताकद वाढवायची. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं, घासून आतला दाब वाढवायचा; बोर, म्हणजे पिस्टनची नळी, रुंद करून मोठा पिस्टन टाकायचा. गफूरचाचाच्या दुकानात गेलो तेव्हा दोन ट्रक ड्रायव्हर आणि एक मास्तर बसलेले होते. मी जरा मोठ्यानेच सांगितलं.

चाचाने ऐकून घेतलं. झाकण काढलं, बोट बुडवलं, चाखलं, थुंकला. मग म्हणाला, "मिलिटरीवाल्यायनं हे इंजिन मुद्दाम नरम बनवलं. लढाईत जे भेटन ते पिऊन चाललं पाह्यजे म्हनून. हेड घासलं का हे नवाब होते. मंग याले खालिस पेट्रोलच लागते." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "राकेल टाकून राह्यला का तू?"

आता हे समजून घ्या. पेट्रोल वाशीमला मिळे, तेही मिळालं तर. राकेल गावच्या दुकानात होतं. पुष्कळ जण टाकीत राकेल मिसळत, पण कबूल कोणी करत नसे. जो सापडला त्याला "राकेल्या" म्हणत, आणि ते नाव माणसाला जन्मभर चिकटे. एका ड्रायव्हरने तोंड लपवून हसल्यासारखं केलं. माझं डोकं तापलं.

"मी काय राकेल्या आहे का?" मी म्हणालो. "शुद्ध पेट्रोल टाकतो."

चाचा पुन्हा थुंकला. या वेळी वाटीत नाही, जमिनीवर. "मंग माह्यापाशी काम नाही. जा."

"काहून?"

"मी इंजिन दुरुस्त करतो बावा. जबान दुरुस्त करत नाही."

अपमान सहन करण्याची सवय मला नव्हती, आजही नाही. मी फटफटी घेतली आणि अकोल्याला गेलो. तिथल्या एका मिस्त्रीने काही न विचारता हेड घासलं, बोर वाढवला, पिस्टन टाकला. काय सांगू, पहिले आठ दिवस फटफटी वाघासारखी धावली. तो चढ टोपल्यांसकट एका दमात चढली. मी मुद्दाम वाशीमला जाऊन चाचाच्या दुकानासमोरून दोन फेऱ्या मारल्या. त्याने मान वर केली नाही.

आठ दिवसांनी पेट्रोल संपलं आणि मी गावातलं राकेल ओतलं. निम्मं निम्मं. त्या दिवसापासून इंजिनातून एक नवा आवाज येऊ लागला. कोणी लोखंडाच्या डब्यात खडे हलवावे तसा, टणटण. चढावर तर जास्तच. लोक म्हणत, "काय कडक आवाज हाय नामदेवराव!" मलाही वाटलं, हा ताकदीचा आवाज. गाढवाला ओरडण्याचा अभिमान असतो तसा मला त्या आवाजाचा होता. इंजिन मरताना ओरडत होतं आणि मी मिशीला पीळ देत होतो. थू.

पंधराव्या दिवशी भर दुपारी त्याच चढावर इंजिनाने एक उचकी दिली आणि बसलं. खाली स्टेशनात गाडीची शिटी झाली. टोपल्यांवरचं ओलं फडकं बघता बघता वाळलं. संध्याकाळपर्यंत पानं काळी पडून चिकट झाली. त्या सडक्या पानांचा वास अजून माझ्या नाकात आहे. दुसऱ्या दिवसापासून पानं ट्रकने जाऊ लागली.

फटफटी बैलगाडीवर घालून मी पुन्हा गफूरचाचाकडे नेली. ज्या बैलांवरून लोक मला हसायचे तेच जोडले होते. चाचाने हेड उचललं. पिस्टनच्या मधोमध बोट जाईल एवढं भोक. त्याने तेल चाखलं, थुंकला, आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. आज दुकानात तिसरं कोणी नव्हतं.

"नामदेव, आता तरी बोल. राकेल टाकलं का नाही? खरं सांग, मी गाडी उभी करून देतो. तुह्या त्या चढावर कसं न्यायचं तेही सांगतो. दोन टोपल्या कमी भर, एक फेरी जास्त मार. एवढंच तं होतं बावा!"

एवढंच होतं. आणि ते मला आधी कोणी सांगितलं नाही, हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही. मी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "अकोल्याच्या मिस्त्रीनं काम खराब केलं."

चाचा उठला. "गाडी राहू दे इथंच. जबान दुरुस्त झाली का ये."

मी गेलो नाही. तीन वर्षं फटफटी त्याच्या दुकानामागे पडून राहिली. पेटीत कोंबड्या अंडी घालत. मी दुसऱ्याच्या मळ्यात पानं खुडत होतो. वाशीमला गेलो की स्टेशनचा रस्ता टाळून जात होतो.

मग कळलं, चाचा गेला. मातीला पोचायला उशीर झाला होता, पण घरी गेलो. चाची दारात आली. आत जाऊन फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन आली. उघडलं तर हेड. न घासलेलं, माझ्याच फटफटीच्या जातीचं, आरशासारखं पुसलेलं.

"त्यायनं मिलिटरीच्या भंगारातून ढुंढून आनलं होतं," चाची म्हणाली. "म्हनत, नामदेव येईन, एक डाव खरं बोलन, मंग बसवतो. त्यायले मालूमच होतं. तेल चाखलं तवाच जबानीनं समजलं होतं त्यायले. बस, तुमी बोलाची वाट पाहत होते."

मी तिच्याकडे पाहिलं. विधवा बाई, डोळे सुजलेले. आणि मी काय म्हणालो असेन?

म्हणालो, "चाची, मी राकेल टाकलंच नव्हतं."

ती खाली पाहून म्हणाली, "बरं."

ते हेड अजून माझ्या कोनाड्यात आहे. गंज चढू नये म्हणून महिन्याला तेलाचं बोट फिरवतो. चाचाच्या काळ्या दातांची, त्या वाटीची मला जन्मभर किळस आली, पण त्याच्या जिभेवर घाण टिकत नसे, तो थुंकून टाकी. मी गिळून बसलो.

टाकत होतो, चाचा. निम्मं निम्मं.