ढवळ्यातली लिफ्ट

बेलवलीची काशीबाई ढवळेकरीण. आमच्या आगरी लग्नात भटाआधी हिचा मान. ढवळा म्हणजे लग्नविधीचं गाणं. त्यात गावच्या विहिरीला, वेशीला, शेताला हळदीचं आवतण द्यायचं. एखादं राहिलं तर ते रुसतं, असं मानतात. काशीबाई हे शिकली सासू राजाबाईकडून, चिखलात भात लावता लावता.

पुढं विहीर पार्किंगखाली गेली, शेतावर टॉवर आले. काशीबाईनं सरळ पार्किंगला आवतण द्यायला घेतलं. लिफ्टलासुद्धा. "ती पन वर-खाली करतंय, अंगात आल्यावानी," म्हणायची.

जिज्ञासाच्या हळदीला तिचे काका जयदेव आडवे आले. जमिनीच्या व्यवहारात मोठे झालेले. टॉवर त्यांच्याच जमिनीवर. पण ढवळा मात्र त्यांना अस्सल, जुनाच पाहिजे.

"काशीमावशे, आज लिफ्ट नाय. घेतलीस तं राजाबाईचं जुनं रेकॉर्डिंग लावीन. मंग तू बस जेवाला."

काशीबाईचं तोंड उतरलं. एकदा मांडवात मशीन गायली की पुढच्या लग्नाला हिला कोण बोलावतंय?

पाटावरची नवरी फिलॉसॉफीत एम. ए. ती तिथूनच म्हणाली, "काका, मॉडर्न माणूस म्हणाला, जुनं पाडा नि नवं बांधा. पोस्टमॉडर्नवाले म्हणतात, दोन्ही एका पंगतीला बसू द्या. आणि अस्सल काय, ते ठरवणारा कोण, हेही विचारा."

"हलद लागली ना गो तुला, गप बस," काशीबाई म्हणाली. "म्हंजे मी करतंय त्याला नाव पन हाय?"

तिनं गायला सुरुवात केली. वेस झाली, तळं झालं, आणि सवयीनं तोंडातून गेलंच, "लिफ्टबाय, तू पन ये गो हलदीला."

मांडव हसला. जयदेवनं बटण दाबलं.

स्पीकरमधून राजाबाईचा खणखणीत आवाज आला. वेशीला आवतण, विहिरीला आवतण. जयदेव मान डोलवू लागले. आणि मग, "अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्याच्या भोंग्या, तू पन ये रं हलदीला. विजेच्या खांबा, तू पन ये."

बाया पदर तोंडाला लावून हलू लागल्या. नवरीच्या गालावरची वाळलेली हळद हसून हसून तडकली.

"काका, अस्सल कुठनं धरायचं? भोंग्याच्या आधीपासनं की नंतर?"

जयदेवनं मशीन बंद केली. आता हा माणूस चिडून उठून जाणार, असं वाटलं. पण ते येऊन काशीबाईजवळ उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "मावशे, आमचं खलं घेतलंस नाय."

"कुठं हाय तुजं खलं आता?"

"जिमखाली. आमी तितंच भात झोडाचो."

"घेतंय. पन सगली तितं पलतान मशीनवर. घामाघूम होऊन यील बिचारं."

काशीबाईनं गळा मोकळा केला आणि जिमखालच्या खळ्याला नावानं हाक मारली. मागून झील धरणाऱ्या बायांत एक बाप्याचा भसाडा आवाज मिसळला. कुणीच त्याला गप बसवलं नाही.