लाखेच्या शिक्क्यातली कट्यार

हल्ली नवरदेवाच्या हातातली कट्यार बाजारातून येते. पत्र्याचं पातं, वर चमकी. फोटो काढून झाला की ती खुर्चीवर पडलेली असते आणि नवरदेव मोकळ्या हातानं जेवायला बसलेला असतो. नातवाच्या लग्नात मी हे बघितलं आणि गप्प बसलो. बोलायचं तर माझ्या कट्यारीचं सगळंच सांगावं लागलं असतं. ते आता लिहून ठेवतो. मी मराठी दुसरी शिकलेला माणूस, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत.

बेचाळीसच्या चळवळीनंतरची ती वर्षं. आमचं गाव कऱ्हाड तालुक्यातलं. सगळ्या जिल्ह्यात धरपकड चालू होती आणि हत्यारबंदी लागली होती. गावात दवंडी झाली, की सुरा, भाला, तलवार, कुऱ्हाड घेऊन कुणी रस्त्यानं हिंडायचं नाही. पातं चार बोटांपेक्षा लांब असलं तर जप्त. शेताला जाणाऱ्यानं कोयता, विळा फडक्यात गुंडाळून, सुतळीनं बांधून न्यायचा, आणि बांधावर पोचल्यावरच सोडायचा.

आता ऊसतोडीला निघालेला माणूस रोज कुठं बांधत बसणार? पण पोलीस खरंच तपासायचे. बाजाराच्या दिवशी वेशीबाहेर उभे राहायचे आणि पात्याला आपली चार बोटं लावून मापायचे. एकाची बोटं जाड, एकाची बारीक. बारीक बोटांचा शिपाई असला की लोक आडवाटेनं जायचे. म्हसवडकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या रानात उतरायचे. त्यातल्या एका म्हाताऱ्याची कुऱ्हाड शिपायानं माझ्यासमोर ठोकून दांड्यातून काढली आणि दांडा त्याला परत दिला. म्हणाला, "दांडा तुझा, पातं सरकारचं." म्हातारा तो दांडा खांद्यावर टाकून गेला. मेंढरांना पाला कशानं तोडला असंल, कोण जाणे.

अशात माझं लग्न ठरलं. मुलगी सांगलीच्या अंगाच्या, कृष्णाकाठच्या एका गावातली. सुपारी फुटली तेव्हा मी गुऱ्हाळावर होतो. गूळ उतरायला आलेला, कढई सोडून येता येईना. त्यामुळं सासरच्या कुणीच मला बघितलं नव्हतं. माझा मामा उंब्रजचा, गुळाच्या व्यापारातला, बोलण्यात वस्ताद. त्यानं सगळं जमवलं. "पोरगा गुऱ्हाळात चरकावर आसतो, कामाचा हाय," असं तो तिथं म्हणाला. हे वाक्य पुढं आम्हाला लय महागात पडलं.

हळद लागली त्या दिवशी आईनं पेटीतून कट्यार काढली. आजोबांच्या वेळची. लोखंडी मूठ, पातं नऊ बोटं. टोकाला लिंबू टोचून तिनं ती माझ्या हातात दिली आणि मूठ माझ्या बोटांवर दाबली.

"अंगाची हळद उतरेपतूर सोडायची न्हाईस."

"न्हाई सोडत."

"तुझ्या भावानं सोडली हुती."

थोरल्यानं त्याच्या लग्नात पाणी पिताना कट्यार घटकाभर ओट्यावर ठेवली होती. वर्षाच्या आत पहिली वहिनी बाळंतपणात गेली. दोन्हीचा काय संबंध ते मला तेव्हाही कळलं नव्हतं, पण आईनं तो जोडला होता आणि त्या दिवसापासून ती थोरल्याशी नीट बोलत नव्हती. वडील नव्हते. विधवा म्हणून ती मांडवात यायची नाही, घरीच राहायची. तिच्या हातात राहिलं होतं ते एवढंच. मी शब्द दिला. जेवताना डाव्या हातानं खाल्लं, रात्री ती हातात धरूनच झोपलो.

पहाटे कोंबडा आरवायला चार गाड्या निघाल्या. सूर्य दोन कासरे वर आला तेव्हा आम्ही एका ओढ्यावरच्या पुलाजवळ पोचलो. तिथं पोलिसांची राहुटी होती. एक हवालदार, दोन शिपाई. लग्नाचं वऱ्हाड बघूनही त्यांनी गाड्या थांबवल्या. थोड्या दिवसांपूर्वी कुणीतरी खोटं वऱ्हाड करून बंदुका नेल्या होत्या म्हणे. त्यांनी वैरण उपसली, गाद्या दाबून बघितल्या. शिदोरीतले लाडूसुद्धा एका शिपायानं फोडून बघितले आणि फोडलेले परत ठेवण्यात अर्थ नाही म्हणून खाल्ले.

मग हवालदाराचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं.

"नवरदेव, ती हिकडं आणा."

"न्हाई."

त्यानं पात्याला बोटं लावली. एकदा चार, पुन्हा चार, वर एक. "नऊ बोटं. जप्त करायला लागंल."

"कुणाची बोटं?" मी विचारलं. "माझी लावली तर सात भरतील."

"माझी बोटं सरकारी हायती."

मामा पुढं झाला. "हवालदारसाहेब, लग्नाची रीत हाय. लिंबू लावलंय बघा टोकाला. ह्यानं काय मारामारी करायची?"

"मामा, मी बी मराठाच हाय. माझ्या लग्नात मी बी धरली हुती. पण आज हिला सोडली, तर उद्या कुऱ्हाडवाला बाशिंग बांधून यील. पावती देतो. येताना घ्या."

"आवं, पावती काय लग्नात हातात धरायची?"

शिपायानं राहुटीतून एक अडकित्ता आणला. सुपारीचं खांड अजून त्याला चिकटलेलं. "कितीकजण अडकित्ता धरत्यात," तो म्हणाला, "ह्याला बंदी न्हाई."

मामानं लगेच तो घेतला आणि मला दिला. "धर रं. काम भागलं."

मी घेतला नाही. "मी लग्नाला चाललोय, पान खायाला न्हाई."

मामा हळू आवाजात शिव्या द्यायला लागला. गोरज मुहूर्त होता, सांज व्हायच्या आत मांडवात उभं राहायला हवं होतं आणि अजून दहा कोस बाकी. मी पुलाच्या कठड्यावर बसलो आणि सांगितलं, की कट्यार जाईल तिथं मी जाईन. जप्त करायची तर मलाही करा. शिपाई हसले. हवालदार हसला नाही. तो माझ्याकडं बघत राहिला. अशी माणसं त्यानं बघितली असावीत.

बसल्या बसल्या मला सुचलं. मी म्हणालो, "कोयता फडक्यात बांधून चालतो न्हवं?"

"शेताला जाणाऱ्याचा."

"मग जप्त करा आन् बांधा. पर हातासकट बांधा. मी सोडणार न्हाई, आन् तुमी म्हणाल तवा आणून दीन."

हवालदारानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मग तो राहुटीत जाऊन कागद घेऊन आला. तसं करायचा त्याला अधिकार होता की नव्हता, मला माहीत नाही. पण माणूस न्यायी होता. त्यानं पंचनामा लिहिला: एक कट्यार, लोखंडी, नवरदेवाच्या मुठीसह. शिपायांनी पात्यावरून, लिंबावरून आणि माझ्या मुठीवरून मनगटापर्यंत जाड फडकं गुंडाळलं, सुतळीनं आवळलं आणि गाठीवर निखाऱ्यावर वितळवलेली लाल लाख सोडून शिक्का दाबला. लाखेचा चटका फडक्यातून लागला. मी हात हलवला नाही.

मग हवालदार म्हणाला, "अंगठा द्या."

मला सही येत होती. त्या वऱ्हाडात सही येणारे दोघंच, मी आणि मामा. उजवा हात गाठोड्यात गेला म्हणून मी अंगठेबहाद्दर होणार नव्हतो. डाव्या हातानं सही केली. बैल दोन वेळा हंबरले तरी माझी सही चालूच होती. मामानं कपाळाला हात लावला.

हवालदारानं एक तरुण शिपाई बरोबर दिला. शिक्का फोडायचा नाही, लग्न लावून परत याच नाक्यावरून जायचं, हळद उतरली की कट्यार जमा करायची. शिक्का फुटला तर माझ्यावर खटला आणि शिपायाच्या कमरेचा पट्टा जाणार. शिपाई गाडीत माझ्या शेजारी बसला आणि वाटभर त्या लाखेकडं बघत राहिला.

मुलीच्या गावात पोचलो ते दिवस कलताना. मारुतीच्या देवळात उतरलो. मुलीची आत्या पाय धुवायला तांब्या घेऊन आली, तिची नजर माझ्या हातावर पडली. आता ते दिसत होतं कसं, तर मनगटापुढं फडक्याचं लांबट गाठोडं आणि टोकाला लिंबाचा फुगवटा. शेजारी पोलीस. आत्यानं पाय निम्मे धुतले आणि तांब्या तिथंच ठेवून गेली.

पाच मिनिटांत गावभर झालं, की नवरा थोटा आहे. ऊस घालताना चरकात हात गेलाय. आमच्याकडं अशी माणसं होतीही, गावात दोघं-तिघं तरी. मामाचं ते वाक्य लोकांना आठवलं.

वाजंत्री वाजत मांडवात गेलो. पाटावर उभा राहिलो. अंतरपाट धरला, पलीकडं मुलीला आणून उभं केलं. भटजींनी अक्षता वाटल्या, आणि मुलीचा बाप मध्ये येऊन म्हणाला, "थांबा. आधी पाव्हण्याचा हात बघायचाय."

मामा म्हणाला, "हात आत हाय. हत्यारबंदीमुळं पोलिसांनी बांधलाय."

"मग सोडा."

"सील हाय सरकारी. फोडता येत न्हाई."

"चांगलं हाय की. हात हाय, पर दाखवता येत न्हाई." लोक हसले. बाप हसला नाही. "माझी एकुलती एक हाय. थोट्याला द्यायची न्हाई मला."

शिपाई पुढं झाला. "हात हाय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

आत्या मागून म्हणाली, "पोलीस सांगतोय म्हंजे नक्की न्हाई."

शिपाई बिचारा मागं सरला. त्या दिवसांत पोलिसाच्या शब्दाला गावात तेवढीच किंमत होती. मामा माझ्या कानात म्हणाला, "फोड. खटला मी बघतो." मी नाही म्हणालो. हवालदाराला मी शब्द दिला होता, डाव्या हातानं का होईना, सही केली होती. ऊन मांडवाच्या आढ्यावर चढलं होतं. बाप भटजींच्या हातातलं पंचांग मिटायला लागला. मी पुढं होऊन बोलायला हवं होतं, हे आज कबूल करतो.

तेवढ्यात अंतरपाटाखालून एक हात आला. हिरव्या बांगड्या, मेंदी. त्या हातानं माझं गाठोडं धरलं. आधी टोकाचा फुगवटा चाचपला, मग पातं, मग मागं येत येत मुठीपाशी थांबला. बोटं दाबून दाबून बघत होता. आवळलेल्या फडक्यातून माझी मूठ दगडासारखी लागत असणार. अंतरपाटाच्या पलीकडून, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली,

"बोटं हलवा."

मूठ सोडल्याशिवाय बोटं हलत नाहीत. आत जागाही थोडी. मी काय केलं ते मांडवात कुणालाच दिसलं नाही. मी मूठ सोडली. कट्यारीची मूठ तळव्यावरून घसरून फडक्याला टेकली आणि मी एकेक बोट हलवलं. करंगळीपासून. तिचं बोट माझ्या प्रत्येक बोटावर यायचं, थांबायचं, पुढच्यावर जायचं. अंगठ्यावर जरा जास्त थांबलं.

मग ती मोठ्यानं म्हणाली, "आबा, हात हाय. पाची बोटं हायती."

नवरी मुलगी मांडवात अशी बोलली म्हणून आत्यानं तोंडाला पदर लावला. बापानं पंचांग सोडलं. भटजींनी घाईनं मंगलाष्टका म्हटल्या, चार म्हटल्या की पाच, कुणी मोजल्या नाहीत. माळ मी डाव्या हातानं आणि गाठोड्यानं मिळून घातली. मंगळसूत्राची गाठ माझ्या बहिणीनं मागून मारली.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर हवालदारानं लाख उन्हात धरून बघितली. शिक्का शाबूत. "माणूस हाईस," एवढंच म्हणाला. घरी हळद उतरली, तिसऱ्या दिवशी मी एकटा चालत नाक्यावर गेलो. त्यानं सुतळी कापली. बोटं वाकडी झाली होती, सरळ व्हायला दिवस गेला. कट्यार जमा केली, पावती घेतली, आणि या खेपेला उजव्या हातानं सही केली. बंदी उठल्यावर ती परत मिळाली. कोयत्या-कुऱ्हाडींच्या ढिगात मी ती टोकाच्या वाळलेल्या लिंबावरून ओळखली.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. नवरी घरात आली, त्या संध्याकाळी आईनं मला विचारलं, "सोडली न्हाईस न्हवं?"

बायको दारात तांदूळ निवडत होती. तिला माहीत होतं. फडक्यातून तिनंच ते हाताला लावून बघितलं होतं.

मी आईला लाखेचा शिक्का दाखवला. "बघ की. जसाच्या तसा हाय."

आईनं तो दोन्ही हातांनी चाचपला आणि समाधानानं मान हलवली. ती जाईपर्यंत सगळ्यांना सांगायची, की धाकट्यानं कट्यार सोडली नाही म्हणून सून धडधाकट आहे. सून पुढं एकाहत्तर सालापर्यंत आईचं सगळं करत होती. त्यातली चार वर्षं आई अंथरुणावर होती. आईचं ते बोलणं ऐकताना बायको कधी माझ्याकडं बघायची नाही. फक्त हातातलं काम सोडून पाची बोटं एकदा उघडायची, एकदा मिटायची. मग मी उठून गोठ्यात जायचो.