चुली किती?

घरात चुली किती, असं आमच्याकडं कुणी तोंडावर विचारत नाही. एक म्हटली तर घर धड आहे. दोन म्हटल्या तर भाऊ फुटले आणि बापाची अब्रू गेली. धाराशिवच्या बाहेर रस्त्याकडेला आमची वस्ती. रस्ता रुंद व्हायचा म्हणून ती उठवायची ठरली, तेव्हा मोजणीला आलेल्या माणसानं दारात उभं राहून नेमकं हेच विचारलं. माझे सासरे बाजेवर बसले होते. आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो. ते ताठ होऊन म्हणाले, ‘‘येकच हाय. समदी येकत्र जेवताव.’’

मी तेव्हा आत, पत्र्याच्या आडभिंतीअलीकडं, माझ्या शेगडीवर डाळ शिजवत होते. पलीकडं थोरली जाऊ तिच्या शेगडीवर. आम्ही वेगळ्या होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मामा एक महिना तिच्यात जेवायचे, एक महिना माझ्यात, आणि महिना बदलायच्या दिवशी दोघींनाही वाटायचं की दुसरीनं वाढलं असेल. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण आमच्याकडं घरचा मालकच उपाशी राहायचा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, कबूल. पण त्या मुठीत माझं घर होतं. नव्या वसाहतीत दर चुलीला एक घर आणि दर घराला भाजीचा एक वाफा मिळणार होता. एक चूल म्हणजे मी आणि जाऊबाई पुन्हा एकाच छपराखाली, एकाच मोरीवर, एकाच वाफ्यात. त्यापेक्षा मी रस्त्यावर राहिले असते.

वसाहतीचा आराखडा करायला बाहेरगावच्या एक मॅडम आल्या होत्या. त्यांना शेतीचं फार वेड. घरांच्या मधोमध वाफे, मोरीचं पाणी गाळून त्यांनाच, छपरावर वेल, आणि बायकांनी मिळून पिकवायचं, मिळून खायचं. मिळून! नळावर हंड्याला हंडा लागला तर एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या बायका मिळून मेथी खुरपणार. माझं माहेर सास्तूर. भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावात मी वाढले. रस्ते सरळ केले म्हणून माणसं सरळ होत नाहीत, हे मी मॅडमना तिथल्या तिथं सांगितलं. त्या हसल्या. असं हसणारी माणसं मला आवडत नाहीत.

वाफा मात्र मला हवा होता. रस्त्याकडेच्या मुरमात काही येत नाही, म्हणून मी तेलाच्या डब्यांत आणि फुटक्या टबांत माळवं लावायचे. भाजीला आमच्याकडं माळवं म्हणतात. चुका, अंबाडी, मिरची, दोन वांगी. माझा महिना असला की मामा त्या डब्यांना पाणी घालायचे, पिवळी पानं खुडायचे. थोरलीचा महिना लागला की तिकडं बघायचेही नाहीत. हिशेबाला पक्के. डब्यातलं झाड डब्याएवढंच होतं, आणि मला जमीन हवी होती. माझी, जिच्यावर जाऊबाईची सावली पडणार नाही अशी.

नवऱ्याला म्हटलं, वडलांना सांगा, खरं बोला म्हणावं. तो म्हणाला, ‘‘तूच बोल की.’’ त्याला आणि थोरल्या भावजींना मिळून एक तोंड आहे आणि त्यात तंबाखू असते.

मग एक दिवस मॅडमनी सगळ्यांना नव्या जागेवर बोलावलं. येरमाळ्याच्या रस्त्याला उघडा माळ. जमिनीवर चुन्याची फक्की मारून घरांचे चौकोन आखलेले, मधे वाफ्यांचे लांब पट्टे. आपापल्या घरात उभं राहून बघा, मॅडम म्हणाल्या, दार कुठं हवं, वाफा जवळ पडतो का. लोक हसत हसत चौकोनात गेले. आम्हा सगळ्यांना मिळून एकच. थोरली एका कोपऱ्यात, मी समोरच्या, मधे दोघे भाऊ, आणि मामा दाराच्या जागी.

मी घरून शेगडी पोत्यात घालून आणली होती. ती काढून माझ्या कोपऱ्यात ठेवली आणि मोठ्यानं म्हटलं, ‘‘मॅडम, ही माझी चूल. जाऊबाईंची येगळी हाय. दोन चुली हायत आमच्यात.’’

‘‘कुणाम्होरं काय बोलावं कळतं का न्हाय हिला?’’ थोरली फिस्कारली.

‘‘तुमाला येगळं घर नगं असंल तर नगा घेऊ.’’

मामा म्हणाले, ‘‘धाकटे, उचल ती शेगडी.’’

‘‘न्हाय उचलत, मामा.’’

मॅडम पुढं आल्या. आवाज अगदी मऊ करून त्यांनी विचारलं, ‘‘बाबा, तुम्ही जेवता कुणाकडे?’’ यापेक्षा शिवी परवडली असती. मामांनी लेकांकडं पाहिलं. लेकांनी फक्कीकडं पाहिलं. मी मामांच्या वतीनं बोलू शकले असते, पण त्यांचंच तोंड उघडायला हवं होतं.

‘‘येक महिना हिच्यात, येक महिना तिच्यात,’’ मामा म्हणाले.

शेजारच्या चौकोनात कुणीतरी हसू दाबायला खोकलं. मॅडमनी खूण केली, आणि फक्कीवाल्यानं थोड्या अंतरावर आणखी एक चौकोन ओढला. मी शेगडी उचलून त्यात जाऊन उभी राहिले. खरं सांगते, मला आनंद झाला. लाजबीज काही वाटली नाही.

‘‘मग बाबा कुठल्या घरात?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘तिला दोन चुली पायजी हुत्या की,’’ थोरली म्हणाली. ‘‘ऱ्हाऊ द्या तिच्यातच.’’

‘‘या मामा,’’ मी म्हटलं. ‘‘बारा महिने माझ्यात जेवा.’’ आणि मी ते मनापासून म्हटलं होतं.

मामांनी माझ्या चौकोनाकडं पाहिलं, माझ्याकडं नाही. ‘‘हिच्यात न्हाय.’’

‘‘मंग काय बारा महिने माझ्यात?’’ थोरलीच्या तोंडून निसटलंच. तेही त्यांनी ऐकलं.

ते बाहेर पडले. वाफ्यांच्या पट्ट्यात गेले, खाली बसून एक ढेकूळ हातात फोडलं, बघितलं. मग मॅडमना म्हणाले, ‘‘माळव्याला राखणदार लागंलच की. जनावरं येत्यात. हितं कडंला माझी खोपी आखा. लहानच. चूल नगं तीत.’’

मॅडम आमच्याकडं बघत राहिल्या. भावजींनी तंबाखूची पुडी काढली, माझ्या नवऱ्यानं हात पुढं केला, थोरली पदर नीट करत होती. मी हाक मारली, ‘‘मामा, ऊन हाय, इकडं या.’’

त्यांनी मान वळवली नाही. फक्कीवाल्याला हात करून म्हणाले, ‘‘आख रे.’’

त्यानं आखलं.