आफ्रिकेच्या नेत्याला अमरावतीचा हार

किस्से मी गोळा करत नाही, तेच माझ्या मागे लागतात. अमरावतीच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवतो आणि दरवर्षी आफ्रिकेच्या एका दिवंगत नेत्यावर व्याख्यान ठेवतो. त्यांनी आपला देश गोऱ्यांच्या ताब्यातून सोडवला आणि सगळी आफ्रिका एक व्हावी म्हणून जन्मभर जीव टाकला. एवढंच सांगायचं असतं. पण सुखासुखी सांगू देतील ते आमचे लोक कसले!

*

पहिल्या वर्षी सभागृह मागायला ऑफिसात गेलो. मोठ्या बाबूंनी जयंत्यांच्या यादीवरून दोनदा बोट फिरवलं.

"सर, याईचं नाव नाही. त्या दिवशी सुट्टी असते का?"

"नसते."

"मंग मोठा माणूस कसा काय?"

सभागृह नाहीच मिळालं. प्रयोगशाळेत, बेडकांच्या बरण्यांसमोर बोललो.

*

मोर्शीच्या शिबिरात त्यांचं एकीचं स्वप्न कसं अर्धवट राहिलं ते तळमळीनं सांगत होतो. एक संत्रा बागायतदार काका उठले.

"सर, आमी दोघं भाऊ शेताच्या एका धुऱ्यापाई अकरा वर्सांपासून बोलत नाही. अन् हा गडी एवढे देश एक करून राहिला होता?"

मग बसता बसता म्हणाले, "फोटो असंन तं द्या बरं एक. भावाले दाखवतो."

त्या वाक्यावर मी वर्षभर तग धरला.

*

यंदा प्राचार्यांनी बजावलं, "मागच्या खेपेला सात पोरं होती. यंदा रंगलं नाही तं व्याख्यान बंद." मी पुढच्या वर्षानंतर निवृत्त होतोय. आता बंद पडलं की कायमचंच, या विचारानं झोप उडाली.

म्हणून अकोल्याहून क्वेसीला बोलावलं. तो त्याच नेत्याच्या देशातला, चार वर्षांपासून ज्वारीवर संशोधन करतोय आणि वऱ्हाडी माझ्यापेक्षा सफाईनं बोलतो. त्यानं दोन फोटो पाठवले, नेत्यांचा पूजनासाठी आणि स्वतःचा बॅनरसाठी. दोन्ही मी सांस्कृतिक समितीच्या मॅडमकडे सोपवले. तिथेच चुकलो.

क्वेसीला घेऊन सभागृहात शिरलो तर टेबलावर समई, उदबत्ती आणि फ्रेममध्ये हार घातलेला क्वेसी. मागच्या बॅनरवर 'प्रमुख वक्ते' म्हणून नेते. मी तोंड उघडायच्या आत प्राचार्यांनी फुलं वाहिली, डोळे मिटून उभे राहिले आणि फुलांचं ताट क्वेसीपुढे धरलं.

क्वेसीनं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बूट काढले आणि शांतपणे स्वतःला फूल वाहिलं.

प्राचार्य गहिवरून म्हणाले, "तुमी कधी पाहिलं का याईले?"

"रोज पाहतो सर. सकाळी, दाढी करताना."

प्राचार्यांनी डोळे पुसले आणि माईक ओढला. "पाहा पोरांनो, याले म्हणतात वारसा. दाढी करतानाही हा माणूस आपल्या नेत्याले विसरत नाही. सर, पुढच्या वर्षीचं व्याख्यान पक्कं. अन् फोटो हाच ठेवा."