उंदरांना करंट देणारी बाई

माझा पीएच.डी.चा प्रबंध कॉलेजच्या लायब्ररीत काचेच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे तो अगदी सुरक्षित आहे! पण खरी गंमत त्या प्रबंधात आलीच नाही. तक्ते, आलेख आणि संदर्भ यांच्यात ज्याला जागा मिळत नाही, ते सगळं माणसाच्या डोक्यात साठत जातं आणि जुनी माणसं भेटली की बाहेर पडतं. आमचं तसंच होतं. एकाने सुरुवात केली की चहा गार.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात आम्ही तिघं होतो. करमरकर सर, म्हणजे माझे गाइड. मी शुभांगी, अंबरनाथहून येणारी. आणि उंदरांच्या खोलीचे मालक असल्यासारखे वावरणारे लॅब अटेंडंट पाटीलमामा. मामा बदलापूर गावातले, घरची भातशेती सांभाळून नोकरी करणारे.

आमचा विषय असा: विजेच्या तारांभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यात पांढरे उंदीर रोज काही तास ठेवले, तर त्यांच्या यकृतात आणि मेंदूत काय बदल होतात? सर पहिल्या दिवशी म्हणाले, "कापलेलं वांगं हवेत काळं पडतं ना? तसं शरीरात आतल्या आतही चालू असतं. पेशींना गंज चढतो म्हण. शरीर तो पुसत असतं. आपण बघायचं, या क्षेत्रात ठेवल्यावर गंज वाढतो का."

मला लगेच कळलं. घरी जाऊन आईला सांगितलं. आईने शेजारणीला सांगितलं, "आमची शुभा उंदरांना करंट देते."

सर हे ऐकून कळवळले. "करंट नव्हे गं, क्षेत्र! क्षेत्र!"

पण अंबरनाथमध्ये मी कायमची करंटवालीच झाले.

*

पहिली अडचण कॉइलची. उंदरांची लाकडी पेटी आत मावेल एवढं मोठं तांब्याच्या तारेचं वेटोळं हवं होतं. तयार कुठे मिळेना. शेवटी सर आणि मी मोटर रिवाइंडिंगच्या एका दुकानात गेलो. मालक तोलाराम, सिंधी गृहस्थ, साठीचे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सरांची आकृती उलटसुलट करून पाहिली.

"साईं, इसमें मोटर किधर बैठेगा?"

सर म्हणाले, "मोटर नहीं बैठेगा. चूहा बैठेगा."

तोलारामांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आधी सरांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "चूहा मारने का है? उसके वास्ते इतना तांबा? बाजू की दुकान में दवाई मिलती है."

"मारने का नहीं है. सिर्फ बिठाने का है."

"बिठाके?"

"देखने का है, उसको क्या होता है."

तोलारामांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. पण माणूस कामाचा पक्का. आठ दिवसांत अशी देखणी कॉइल करून दिली की सर तिच्यावरून हात फिरवत राहिले. बिलावर मात्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: कॉइल जले तो गारंटी. चूहा जले तो गारंटी नहीं.

*

दुसरी अडचण शुक्रवार. आमच्या भागात शुक्रवार हा लाइटच्या सुट्टीचा वार. कारखाने बंद, पंखे बंद आणि आमची कॉइलही बंद. विजेच्या परिणामांवर संशोधन, आणि वीजच नाही!

मी वैतागून म्हणाले, "सर, उंदरांना रोज सहा तास द्यायचेत. शुक्रवारचं काय करू?"

सर शांतपणे म्हणाले, "वहीत लिही. शुक्रवारी सगळेच उंदीर समान."

त्याच सुमारास मला बघायला एक स्थळ आलं. मुलगा विजेच्या खात्यात इंजिनिअर. त्याच्या वडिलांना आईने उत्साहाने सगळं सांगितलं. ते ताठ होऊन बसले. "म्हणजे आमच्या लाइनीमुळे लोक आजारी पडतात, असं तुम्ही सिद्ध करणार?"

"लोक नाही काका, उंदीर," मी म्हटलं. "आणि सिद्ध झालं तर. अजून काहीच कळलेलं नाही."

"आणि झालं तर?"

"तर छापणार."

आईने मला मागून चिमटा काढला. मग इतका वेळ खाली मान घालून बसलेल्या मुलाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"शुक्रवारी लाइट जाते, तेव्हा तुम्ही काय करता?"

"तुमच्या खात्याला शिव्या देते."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. सासरे पुढे सहा महिने माझ्याशी जपूनच बोलत होते!

*

गंज किती चढला हे मोजायची आमची पद्धत साधी होती. यकृताचा तुकडा बर्फात वाटायचा, त्यात एक रसायन घालून उकळायचं. गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितकं नुकसान जास्त.

एकदा प्राचार्य एका बड्या पाहुण्यांना विभाग दाखवायला घेऊन आले. पाहुणे अंबरनाथच्या आनंदनगर भागातल्या एका कारखान्याचे मालक, कॉलेजला देणगी देणार अशी कुजबुज होती. स्टँडमध्ये आमच्या परीक्षानळ्या ओळीने उभ्या होत्या. एका बाजूच्या फिकट, दुसऱ्या बाजूच्या चांगल्या गुलाबी.

"वा! काय सुंदर रंग!" पाहुणे म्हणाले. "गुलाबी म्हणजे चांगलं ना?"

"नाही, वाईट," मी म्हटलं. "जितकं गुलाबी तितकं वाईट."

पाहुण्यांचा चेहरा पडला. प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, मग पाहुणे यायच्या आधी थोडं पाणी नाही का घालायचं?"

*

आता पाटीलमामांचं सांगते. या प्रसंगी मी हसत नव्हते.

उंदरांचे दोन गट होते. डोक्यावर पिवळा ठिपका, ते कॉइलमध्ये बसणारे. शेपटीवर पिवळा पट्टा, ते नुसतेच, तुलनेसाठी. तीन आठवडे सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. मग मला संदर्भ शोधायला आठवडाभर मुंबईच्या लायब्ररीत जावं लागलं. पेट्या ठेवणं आणि स्विच लावणं मामांवर सोपवलं.

परत आले, कॉइलमध्ये डोकावले, तर आत शेपट्या पिवळ्या!

"मामा! हे काय?"

मामा अगदी निवांत. "बदलले. तुम्ही गेल्या त्या दिवशीच."

"का?"

"का म्हंजे? तीन आठवडे त्याच बिचाऱ्यांना आत कोंबायचं आनि हे बसलेत बाहेर खात. त्यांनी काय घोडं मारलंय? म्हटलं, आता यांची पाळी."

मी जिन्यात जाऊन बसले आणि रडले. चार महिन्यांची तयारी, परळच्या संशोधन संस्थेतून आणलेले उंदीर, विद्यापीठाची मुदत. सगळं गेलं. मामा पाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहिले. त्यांना काय चुकलं ते कळत नव्हतं, पण आपल्यामुळे पोर रडतेय एवढं कळत होतं. त्यांचाही चेहरा रडवेला झाला होता.

सर आले. मी हुंदके देत सांगितलं. आता मामांची खैर नाही, असं मला वाटलं. पण सर तिथेच पायरीवर बसले आणि बोटांवर दिवस मोजू लागले. मग म्हणाले, "म्हणजे ठिपकेवाल्यांना आठ दिवस विश्रांती मिळाली."

"हो सर."

"विश्रांती दिली तर गंज उतरतो का, हे आपण विचारलंच नव्हतं की!"

ती बॅच बाद झाली, त्याला इलाज नव्हता. पण पुढच्या बॅचमध्ये आम्ही मुद्दाम एक तिसरा गट ठेवला. तीन आठवडे कॉइल, मग विश्रांती. त्या गटाच्या नळ्या उकळून बाहेर काढल्या आणि मी त्या उजेडात धरल्या. रंग बराच फिकट होता. मी तेव्हाही रडले, पण वेगळ्या कारणाने.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक त्याच प्रकरणावर खूश झाले. "ही कल्पना उत्तम आहे. कुणाची?"

मामा नेमके चहा घेऊन आत येत होते. सर उठून उभे राहिले. "यांची."

परीक्षक मामांना म्हणाले, "वा! कशी सुचली तुम्हाला ही कल्पना?"

मामांनी ट्रे टेबलावर ठेवला. "कल्पना नाय साहेब. पाळी."

*

आणि हा शेवटचा किस्सा. सर असताना आम्ही तो सांगत नाही.

खऱ्याखुऱ्या हाय टेन्शन लाइनखाली क्षेत्र किती असतं, ते सरांना मोजायचं होतं. मामांच्या मेव्हण्याचं, नामदेवचं, वांगणीला शेत होतं आणि शेतावरून लाइन जात होती. आम्ही गेलो. सरांनी एक छोटी कॉइल बांबूच्या टोकाला बांधली होती, तिची वायर खांद्यावरच्या पिशवीतल्या मीटरला. डोक्याला टॉवेल. बांबू पुढे धरून सर बांधाबांधाने हळूहळू चालले, मागे मी वही घेऊन, माझ्यामागे मामा, मामांच्या मागे नामदेव आणि त्याच्या मागे निम्मी वाडी.

एका ठिकाणी काटा सरकला. सर ओरडले, "हां! इथे सगळ्यात जास्त!"

नामदेवने धावत येऊन तिथे एक मोठा धोंडा ठेवला. सर खूश झाले. मला म्हणाले, "बघ, शिक्षण नाही पण शास्त्रीय दृष्टी आहे!"

पुढच्या उन्हाळ्यात नामदेव टोपलीभर काकड्या घेऊन लॅबमध्ये हजर. सरांच्या पाया पडला.

"साहेब, लागलं!"

"काय लागलं?"

"पानी! तुम्ही सांगितलंत तिथंच विहीर खनली. झरा फुटला बघा!"

सर मटकन खुर्चीत बसले. मग त्यांनी नामदेवला समोर बसवलं, फळ्यावर आकृत्या काढल्या, वीज, तार, चुंबकीय क्षेत्र, सगळं अर्धा तास समजावलं. त्या कॉइलचा पाण्याशी काडीचाही संबंध नाही, हे चार वेळा सांगितलं. नामदेवने मन लावून ऐकलं. शेवटी उठला, हात जोडले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कळलं साहेब. कुनाला सांगनार नाय."

पुढे सर निवृत्त झाले आणि मी त्याच विभागात शिकवायला लागले. सरांनी बदलापूरला प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं. एका दुपारी विभागात त्यांचा फोन आला. प्रकृती, हवापाणी, माझ्या मुलीची शाळा, सगळं विचारून झालं. तरी सर फोन ठेवेनात.

"शुभांगी, इथे दोन बोअर मारले. दोन्ही कोरडे."

"अरेरे."

"नाही, म्हणजे... आपली ती बांबूवाली कॉइल. अजून आहे का गं लॅबमध्ये?"

"आहे ना सर. पण आत्ता नाहीये. मामांनी नेलीये वांगणीला. तिकडे नंबर लागलेत."

मला वाटलं, फोन कट झाला.

मग सरांचा आवाज आला. "मामांना विचारून ठेव. माझा कितवा लागेल?"